फोटोच्या पाठीवरची नावे



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा विषय त्यांनी आमच्यावरच सोपविला होता. युनियनचा माणूस म्हटला की तो बोनस, ग्रॅच्युइटी नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी पुष्कळांची अटकळ असेल. त्या विषयांवर बोलण्यासाठी आम्ही वर्षाचे बारा महिने गेटवर उभे असतोच. आज येथे आपल्या ग्रंथालयाच्या माडीवर जपून ठेवलेल्या जुन्या फोटोंविषयी, आणि एकंदरीतच असे फोटो जपणे म्हणजे काय करणे, याविषयी चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

आमच्या विद्येचा हिशेब आधीच देऊन टाकतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमचे वडील साचेखात्यात होते आणि आम्ही सातवीत. पुढली यत्ता पाहण्याचा योग आला नाही. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटातले आणि सार्वजनिक ग्रंथालयांतले. अशा वेळी विद्वानांनी सांभाळून घ्यावे, अशी विनंती करण्याची चाल आहे. आम्ही ती करीत नाही. कुठे चुकले असे वाटले तर उभे राहून सांगावे. गेटमीटिंगला तीच रीत असते.

चालकांनी परवा आम्हांला माडीवर नेले. शिसवी कपाट, त्यात पुठ्ठ्याच्या पेट्या, आणि पेट्यांत सुमारे तीन पिढ्यांचे हे गाव. नगरपालिकेचे समारंभ, शाळेचे वर्ग, तालमीतले पहिलवान, नाटकमंडळी, गणपतीची मिरवणूक, पुराचे पाणी चढलेली पेठ. ग्रंथपाल एकेक फोटो दोन्ही हातांनी असा कडेला धरून उचलीत होते की पाहून बरे वाटले. त्यांत पाण्याच्या टाकीच्या बांधकामाचा एक मोठा फोटो आहे. पुढे खुर्च्यांवर नऊ जण बसले आहेत, पगड्या, टोप्या, एक हॅट. खाली सुवाच्य अक्षरांत नवांची नावे, हुद्द्यांसकट, डावीकडून उजवीकडे. मागे टाकीच्या कठड्यापर्यंत चढत गेलेली माणसे आहेत. आम्ही मोजली, एकसष्ट भरली. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, गवंडी, पखालवाला, एका बाईच्या कडेवर तान्हे मूल. त्यांच्याविषयी फोटोखाली एकच ओळ आहे: ‘मागे उभे, कामावरील मंडळी.’ तारीखही नाही.

ज्याने ती ओळ लिहिली त्याच्यावर आमचा राग नाही. त्या काळी मजुरांची नावे विचारावीत हे त्याला सुचलेच नसेल. परंतु आम्ही युनियनवाले हजेरीपटाची भाषा जाणतो. ज्याचे नाव मस्टरवर नाही तो त्या दिवशी कामावर नव्हता, असे कायद्याचे म्हणणे असते. मग त्याने बारा तास घाम गाळलेला असो. त्या फोटोच्या मस्टरवर नऊच नावे आहेत.

ही गोष्ट आपल्याच गावात घडली असे मात्र कोणी समजू नये. ती फोटोग्राफीच्या जन्मापासूनची आहे. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ साली निघाली, म्हणजे युरोपात ही कला उघड झाल्याला पंधराच वर्षे झाली होती. योगायोग असा की त्याच साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट घातला. कॅमेरा आणि गिरणी दोन्ही या शहरात बरोबरीने आली. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यात हरिश्चंद्र चिंतामण नावाचे गृहस्थ शिकले. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःची फोटोची पेढी थाटली. डॉक्टर भाऊ दाजी आपल्या सर्वांना माहीत आहेत, त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते आणि उत्तम फोटो काढीत. आपल्या माणसांना ही कला साहेबाने उशिरा दाखविली असा एक समज आहे, तो खरा नाही. आपली माणसे पहिल्या पंगतीत होती.

परंतु कॅमेऱ्यासमोर कोण होते, आणि कसे? विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या जातिजमातींचे फोटो घेऊन १८६३ आणि १८६६ साली दोन मोठे ग्रंथ काढले. त्या चित्रांत लोक आपल्या वेषात उभे आहेत आणि मागे देऊळ, तलाव, रस्ता, समुद्र असे काहीतरी दिसते. नीट पाहिले तर कळते की माणसे वेगळी आणि देखावा वेगळा. माणसांचा फोटो आधी वेगळा घेतला आणि त्यांची आकृती कापून दुसऱ्या फोटोवर बसविली. पायांखालची जमीन त्यांची नाही. त्याखाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. पुढे १८६८ पासून १८७५ पर्यंत सरकारनेच ‘हिंदुस्थानचे लोक’ या अर्थाच्या नावाचे आठ खंड छापले. साडेचारशेहून अधिक फोटो. तेथेही बहुतेक ठिकाणी तोच प्रकार. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाने चिकटवितात तशी माणसे चिकटविली आहेत.

कोणी म्हणेल, पण त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीची पागोटी, दागिने, हत्यारे तरी आज पाहायला मिळतात. मिळतात, आणि आम्हीही ती तासन्‌तास पाहतो. सुताराच्या हातातला वाकस तेव्हाही आजच्यासारखाच होता, हे पाहून आनंद होतो. वस्तू दिसते, पेहराव दिसतो. माणूस मात्र नमुना होऊन उभा असतो.

आता जरा लांबचे उदाहरण देतो. ते फिरून मुंबईलाच येणार आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथल्या जुन्या वस्तीत अरुंद बोळांत मजुरांची कुटुंबे एकावर एक रचल्यासारखी राहत. रोगराई फार. १८६६ साली कायदा करून तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि त्याने ती घरे पाडायला घेतली. पाडण्यापूर्वी त्या बोळांचे फोटो घेऊन ठेवावेत असे ट्रस्टला वाटले, आणि टॉमस अ‍ॅनन या फोटोग्राफरला १८६८ साली ते काम दिले. तीनेक वर्षे तो त्या बोळांतून काचा घेऊन फिरत होता. त्या वेळी ओल्या काचेवर फोटो घेत. बोळांत ऊन नाही, म्हणून कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवावे लागे. त्याचा परिणाम काय झाला? भिंती, दगड, वाळत घातलेले कपडे स्वच्छ आले. जी माणसे स्थिर उभी राहिली ती आली. जी चालत होती त्यांचा धूर झाला! पाय दिसतात, वर धुके. कामाला निघालेली बाई कॅमेऱ्यासाठी कशाला थांबेल? आम्ही ते फोटो छापील पुस्तकात पाहिले तेव्हा त्या धुरांकडेच आमचे लक्ष पुनःपुन्हा जाई.

ते फोटो ग्लासगोने टाकून दिले नाहीत. मिचेल लायब्ररी म्हणून त्या शहराचे सार्वजनिक ग्रंथालय आहे, तेथे ते ठेवलेले आहेत आणि शहराचा कोणीही रहिवासी ते पाहू शकतो. बोळ गेले, कागद राहिला. हे सांगण्याचे कारण असे की १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा ग्लासगोचा दाखला डोळ्यांपुढे होता. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याची आखणी ही सगळी त्या मुंबईच्या ट्रस्टची करणी. आणि मुंबईत तो ट्रस्ट येण्यास कारण झाला प्लेग.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आत होती. त्यांतली निम्म्याच्या आसपास माणसे पुढल्या फेब्रुवारीपर्यंत शहर सोडून गेली. सरकारने मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर-जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली, आणि त्या समितीच्या कामाचे फोटो घेण्यात आले. कॅप्टन मॉस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने पुष्कळ घेतले, क्लिफ्टन आणि कंपनी या मुंबईच्या फोटो-पेढीनेही घेतले. ते आल्बम अधिकाऱ्यांबरोबर समुद्रापार गेले. आज एक लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, एक अमेरिकेत गेटी संस्थेत आहे. आता ते संगणकावर बसल्या जागी पाहता येतात. आमच्या मुलीने आम्हांला ते प्रथम दाखविले.

काय आहे त्यांत? बंबाच्या पाण्याने घरे धुण्याचे काम आहे. दारात उभे असलेले तपासणीचे पथक आहे. रोगी सापडलेल्या घरांवर काढलेली वर्तुळे आणि तारखा आहेत. रुग्णालयांत खाटांच्या रांगा आहेत, रोग्यांच्या शेजारी पांढऱ्या पोशाखातल्या परिचारिका. वेगळे काढलेल्या कुटुंबांच्या छावण्या आहेत. सर्व कसे आखीव, शिस्तीचे, स्वच्छ. समितीच्या सभासदांची ओळख नावानिशी पटते. खाटेवरचा माणूस हा ‘प्लेगचा रोगी’ एवढाच.

आम्ही ते फोटो खोटे म्हणत नाही. ज्यांनी त्या उन्हात, त्या रोगात काम केले त्यांतले कित्येक प्रामाणिक होते. परंतु आल्बम ज्याने करविला त्याचे काम त्यात दिसणार, हे उघड आहे. कारखान्याच्या वार्षिक अहवालात जसे संचालकांना हवे तेच फोटो असतात, तसेच. म्हणून आम्ही पाहताना एक सवय लावून घेतली आहे: फोटोत काय नाही, तेही विचारायचे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले, कारण तेथे नेलेले माणूस परत येत नाही असे त्यांना वाटे. हा प्रकार समितीच्या आधीचा, म्हणून तो आल्बममध्ये नाही असे म्हणू या. पण मजूर पळाल्यामुळे गिरणीवाल्यांना नाक्यानाक्यावर चढाओढीने मजुरी बोलून, रोजचे पैसे रोज मोजून माणसे मिळवावी लागली, हेही त्याच साथीतले. मजुराच्या इतिहासात असा दिवस फार वेळा आलेला नाही! तो नाका आम्ही पाहिलेल्या फोटोंत कोठे सापडला नाही. आणि शहर ज्यांच्यावर तरले ते हलालखोर, मैला वाहणारे लोक? ते निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, अशी धास्ती म्युनिसिपालिटीने त्या वेळी लेखी नोंदविली आहे. एवढ्या महत्त्वाच्या माणसांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

त्याच साथीत नारायण मेघाजी लोखंडे गेले. आमच्या चळवळीचा पाया त्यांनी घातला. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘दीनबंधु’ चालविले, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. उद्या रविवार आहे आणि आपण सारे सकाळी आठपर्यंत निजणार आहात, त्यात त्यांचाही वाटा आहे. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते त्याच रोगाने वारले, म्हणजे सरकारची समिती नेमली जाण्याच्या आधी. त्यांचा चेहरा आज आपल्याला माहीत आहे. पोस्टखात्याने २००५ साली त्यांचे तिकीटही काढले. पण १८८४ साली त्यांनी सरकारकडे जो अर्ज केला, त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांची नावे पडली होती. ती माणसे दिसत कशी होती?

मंडळी, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. एका बाजूला पाच हजार नावे आहेत, त्यांना चेहरे नाहीत. दुसऱ्या बाजूला आल्बमांत शेकडो चेहरे आहेत, त्यांना नावे नाहीत. तीच माणसे, तेच शहर; बारा-तेरा वर्षांचे अंतर. कदाचित अर्जावर अंगठा देणाराच कोणी त्या खाटेवर पडलेला असेल. आता ते जुळविता येणार नाही. ज्यांना जुळविता आले असते ते सर्व गेले.

जुळविण्याची तसदी घेणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला, त्याचे नाव लुइस हाइन. मूळचा शाळामास्तर. कारखान्यांत आणि खाणींत मुलांना कामाला लावीत त्याविरुद्ध लढणाऱ्या एका समितीने १९०८ साली त्याला फोटो घेण्याच्या कामावर नेमले. मालक आत सोडीत नसत, म्हणून कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा होऊन तो आत शिरे. मुलाचे नाव, वय, पगार विचारून खिशातल्या खिशात कागदावर लिही. मुलाची उंची मोजायची तर स्वतःच्या कोटाच्या कोणत्या गुंडीपर्यंत ते येते हे पाहून ठेवी. काय युक्ती आहे पाहा! असे पाच हजारांवर फोटो त्यांच्या नोंदींसह आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत १९१० साली सूतगिरणीत साच्याला टेकून उभी असलेली एक अनवाणी मुलगी आहे. १९९८ साली तिकडच्या पोस्टाने तिचे तिकीट काढले, पण आडनाव चुकीचे. पुढे दोन खटपटी माणसांनी हाइनची नोंद आणि शिरगणतीची कागदपत्रे ताडून खरे आडनाव शोधले, तिची नातवंडे शोधली. ती स्वतः म्हातारी होऊन १९९३ सालीच वारली होती. आपला फोटो देशभर गाजतो आहे याचा तिला पत्ता नव्हता, आणि घरच्यांनी तो कधी पाहिलेलाही नव्हता. हाइनने नोंद केली नसती तर शोधायला सुरुवात कोठून केली असती?

आता आमच्या घरची हकीगत. आमच्या युनियनच्या कचेरीत एक पत्र्याची ट्रंक होती. तीत गेटसभा, मोर्चे, खात्याखात्यांचे ग्रुप फोटो, सेवानिवृत्तीच्या हारतुऱ्यांचे फोटो असा सगळा पसारा. गिरण्या बंद पडत गेल्या तसतशी आणखी भर पडली. एका गिरणीच्या कचेरीतल्या तसबिरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना आम्ही स्वतः पाहिल्या. त्याला काचा आणि लाकूड हवे होते. फोटो त्याने आम्हांला फुकट दिले, वर म्हणाला, कागदाला भाव नाही. अशी ती ट्रंक भरली. आणि मग २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली.

घर मिळायचे तर कामगार होता याचा पुरावा हवा. पास, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, तिकीट नंबर, काहीतरी. तीस वर्षांत किती जणांच्या घरी हे उरले असेल? संपात माणसे गावी गेली, घरे गळली, कागद वाळवीने खाल्ले. एक बाई आमच्याकडे आल्या. नवरा त्रासन खात्यात होता, वारून बरीच वर्षे झाली होती. कागद एकही नाही. पिशवीतून त्यांनी एक ग्रुप फोटो काढला, खात्यातल्या सत्यनारायणाच्या पूजेचा. आम्ही मनातून खट्टू झालो, कारण फोटो हा पुरावा म्हणून कोणी धरीत नाही. पण तो उलटा केला तर पाठीमागे जांभळ्या शाईने सगळ्यांची नावे लिहिलेली! नवऱ्याला अक्षराचा शौक होता, बाई म्हणाल्या. नुसती नावे नाहीत, कोणाचे गाव कोणते तेही. आम्ही त्या गावांना पत्रे टाकली, माणसे पाठविली. तिसऱ्या गावी खात्यातला एक जुना कामगार हयात सापडला. त्याने सर्वांच्या वर्गणीची वही सांभाळली होती, आणि त्या वहीत प्रत्येक नावापुढे तिकीट नंबर होता. त्या नंबराच्या धाग्याने पुढे फंडाच्या कचेरीतली नोंद निघाली. बाईंचा अर्ज दाखल झाला.

सोडतीत नंबर लागणे न लागणे ही नशिबाची गोष्ट, ती बाजूला राहू द्या. पण त्या दिवसापासून ट्रंकेतले फोटो हा आमच्या दृष्टीने शोभेचा मामला राहिला नाही. निवृत्त कामगारांना आम्ही महिन्यातून एकदा कचेरीत बोलावू लागलो. भिंतीवर चादर लावायची, फोटो मोठा करून तीवर पाडायचा आणि विचारायचे: हा कोण?

श्रोतेहो, त्यासारखी सभा आम्ही जन्मात पाहिली नाही. ज्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही ते चाळीस वर्षांपूर्वीच्या साच्यांचा क्रम सांगतात. एक म्हणतो, हा भजनातला पेटीवाला. दुसरा म्हणतो, छे, पेटीवाला उंच होता, हा त्याचा मेव्हणा. मग दोघांची जुंपते. जॉबरचे नाव सगळ्यांना पहिल्या झटक्यात आठवते, कारण शिव्या त्याच्या खाल्लेल्या असतात. बायकांच्या खात्याचा फोटो आला की पुरुष गप्प बसतात. त्यांना एकही नाव माहीत नसते. म्हणून आम्ही पुढे बायकांची बैठक वेगळी घेतली. तेथे एका आजींनी बारा जणींपैकी अकराजणींची नावे सांगितली, माहेरची आणि सासरची दोन्ही, आणि बारावीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ही मीच की रे.’ स्वतःला त्यांनी सर्वांत शेवटी ओळखले.

या कामात आम्ही काही नियम घालून घेतले. नाव कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, हे नावाबरोबर लिहायचे. दोघांची दोन मते असतील तर दोन्ही लिहायची, बहुमताने ठरवायचे नाही. युनियनमध्ये आम्ही सगळे हात वर करून ठरवितो, पण माणसाचे नाव असे ठरत नाही. टोपणनाव असेल तर तेही लिहायचे, कारण खात्यात खरे नाव पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. आणि जो चेहरा ओळखू येत नाही त्याच्यापुढे ‘इतर’ असे कधी लिहायचे नाही. तेथे जागा कोरी सोडायची. कोरी जागा पाहून पुढला माणूस विचारतो तरी. ‘इतर’ म्हटले की दार बंद झाले.

जतनाविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही धावते सांगतो. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, ते पुढून उमटते आणि शाई फुटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. चिकटपट्टी लावू नये. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच करू नये. हौसेने केलेल्या त्या लॅमिनेशनने या देशात वाळवीच्या बरोबरीने फोटो मारले असतील. तसबीर ओल येणाऱ्या भिंतीला टेकू देऊ नये, मागे बुचाचे दोन तुकडे लावावेत. पावसाळ्यात बुरशी धरली तर ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा. फोटोवरचा थर हा एक प्रकारचा सरसच असतो, पाण्याने तो सुटतो. फार जुन्या फिल्मा घरात असतील तर जाणत्याला दाखवाव्यात, कारण नायट्रेटची फिल्म भडकन पेटते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्मांच्या कोठाराला आग लागून आपल्या चित्रपटांचा अमोल ठेवा जळाला.

आणि मोबाइलचे काय, असे तरुण मंडळी विचारतील. आमच्याही मोबाइलमध्ये हजारभर फोटो आहेत. गेल्या वर्षीच्या मोर्च्याचे फोटो शंभर जणांनी शंभर जणांना पाठविले, त्यांतल्या एकाखालीही नाव नव्हते. म्हणजे साधन पाच बोटांवर आले आणि मस्टर पुन्हा कोरेच! संगणकावर प्रती काढून ठेवाव्यात, जरूर ठेवाव्यात, दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. पण मूळ कागद टाकून देऊ नये. पाठीवरची जांभळी शाई प्रतीत येत नाही, कारण पाठीची प्रत काढण्याचे कोणाला सुचत नाही.

आपल्या ग्रंथालयाजवळ कपाट आहे, पेट्या आहेत, काळजी घेणारे ग्रंथपाल आहेत. पुष्कळ मोठ्या शहरांत एवढेही नाही. नाही ती फक्त माहिती सांगणारी माणसे, आणि ती या मंडपात बसलेली आहेत. या गावातली जी आजी-आजोबा मंडळी आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना आपल्या आईबापांच्या पिढीचे चेहरे ओळखू येतात. त्यांच्या पाठीमागे ते कोणाला ओळखू येणार नाहीत. सवड किती आहे ते आम्ही सांगायला नको. मागल्या आमच्या बैठकांना नियमाने येणाऱ्यांपैकी चौघे गेल्या पावसाळ्यात गेले.

चालकांशी बोलून आम्ही एक व्यवस्था ठरविली आहे. उद्या सकाळी नऊ ते बारा ग्रंथालयात फोटो पाहण्यासाठी बैठक आहे. जिना उभा आहे, म्हणून पेट्या खाली आणून ओसरीवर टेबले मांडली जातील. घरी जुने फोटो असतील त्यांनी ते आणावेत. प्रत काढून मूळ फोटो त्याच वेळी परत मिळेल. ज्यांच्याकडे फोटो नाहीत पण घरात कोणी वडीलधारे माणूस आहे, त्यांनी त्या माणसाला आणावे. रिक्षाचे पैसे व्याख्यानमाला देईल असे कार्यवाहांनी कबूल केले आहे, आणि ते आता सर्वांसमक्ष सांगितल्यामुळे त्यांना मागे घेता येणार नाही. ज्यांना दिसत कमी असेल त्यांच्यासाठी दोन मोठी भिंगे आम्ही बरोबर आणली आहेत. पेन्सिली ग्रंथालयाच्या आहेत. लिहून घ्यायला सहा-सात अक्षर चांगले असलेली मुले-मुली हवी आहेत. त्यांनी सभा संपल्यावर येथेच, डाव्या बाजूच्या पायऱ्यांपाशी आम्हांला भेटावे.